मिस्त्रीचा आकडा

घर पाहावं बांधून आणि लग्न पाहावं करून, असं शहाणी माणसं सांगून गेली आहेत, आणि त्यात तथ्य असणारच, कारण शहाणी माणसं उगाच तोंड उघडत नाहीत. मिस्त्रीने एक्केचाळीस घरं बांधून पाहिली होती. लग्न एकच केलं होतं. दोन्हीतून मिळून जे काही शहाणपण यायचं होतं ते आलं, पण सगळं बायकोकडे गेलं.

एक्केचाळीसपैकी एकही घर मिस्त्रीचं नव्हतं. सतरा वर्षं तो पिठाच्या गिरणीला चिकटलेल्या दीड खोलीत भाड्याने राहत होता. गिरणी सुरू झाली की भिंत थरथरायची आणि फळीवरची भांडी एकेक पाऊल टाकत कडेला यायची. बायको येता-जाता, न बघता, हाताच्या उलट्या बाजूने त्यांना परत भिंतीशी ढकलायची. पीठ तर सगळ्यावरच असायचं. बऱ्याच दिवसांनी भेटलेली माणसं मिस्त्रीच्या डोक्याकडे बघून म्हणायची, पिकलास की रे. पूर्वी तो केस झटकून दाखवायचा. एक्कावन्नाव्या वर्षी झटकून फारसा फरक पडेना, तेव्हा त्याने ते सोडून दिलं.

धान्याचा हंगाम दोन महिन्यांवर आला आणि एका संध्याकाळी गिरणीवाला दारात येऊन उभा राहिला. आत ये म्हटलं तरी येईना. त्याने नवी मोठी चक्की घेतल्याचं सांगितलं, तिचं वजन सांगितलं, ती तासाला किती पोती दळते ते सांगितलं, मोटार कुठल्या बनावटीची आहे तेही सांगितलं. अर्धा तास झाला तरी तो चक्कीवरून खाली उतरेना. शेवटी मिस्त्रीची बायकोच म्हणाली, "खोली कधी सोडायची ते सांगा ना भाऊजी."

"तसं नाही हो वहिनी," गिरणीवाला चौकटीला म्हणाला. "पोती ठेवायला जागा नाही, एवढंच. हंगामाच्या आत."

माणूस वाईट नव्हता. सतरा वर्षांत त्याने भाडं चारदाच वाढवलं होतं. मिस्त्रीने त्या खोलीला तीन वेळा स्वतः गिलावा केला होता, सिमेंट स्वतःचं आणून. पाणी मालकाचं होतं.

त्याच आठवड्यात गल्लीच्या टोकाला मास्तरीणबाईंच्या फाटकावर 'घर विकणे आहे' अशी पाटी लागली. अक्षर इतकं सुवाच्य होतं की मुलं ती मोठ्याने वाचत पुढे जायची. बाई निवृत्त झाल्या होत्या आणि परगावी बहिणीकडे राहायला जाणार होत्या. घर म्हणजे दोन खोल्या, स्वयंपाकघर, मागे पडवी, आणि नळ. मिस्त्री घरं नंबराने लक्षात ठेवायचा. हा तेविसावा नंबर.

नवरा-बायको घर बघायला गेले. घर मिस्त्रीचं वीट न् वीट ओळखीचं, तरी तो पाहुण्यासारखा चप्पल काढून, हात मागे बांधून फिरला. बायकोने पडवीत उभं राहून बघितलं. इथे वाळत घातलेलं कापड पिठाचं होणार नाही, एवढंच ती म्हणाली, पण ते ज्या सुरात म्हणाली तो सूर मिस्त्रीने सतरा वर्षांत ऐकला नव्हता.

मग त्याने किंमत विचारली. बाईंनी कपाटातून प्लास्टिकच्या पिशवीत जपून ठेवलेला तीन वर्षांपूर्वीचा कागद काढला.

"नऊ लाख," बाई म्हणाल्या. "मी एक पैसा वर लावलेला नाही. सही ओळखता ना?"

मिस्त्रीने ओळखली. त्याचीच होती.

इथे पतसंस्थेचा रिवाज सांगणं भाग आहे. घर तारण ठेवून कर्ज द्यायचं तर घराची किंमत कुणीतरी ठरवावी लागते. शिकलेला माणूस आणला तर तो पैसे मागतो. मिस्त्रीला चहा पुरायचा. म्हणून बारा वर्षं तोच टेप आणि ओळंबा घेऊन जायचा, भिंतीवर चार ठिकाणी थापीची मूठ आपटायचा, वर छताकडे बघून 'हं' म्हणायचा आणि कागदावर आकडा लिहून सही करायचा. त्या आकड्याच्या ऐंशी टक्के संस्था कर्ज द्यायची. हळूहळू लोकांनी तो आकडा कर्जापुरता ठेवला नाही. घर विकताना 'मिस्त्रीचा आकडा' काढून दाखवायचा आणि त्याच्या खाली यायचं नाही, असा शिरस्ता पडला.

आणि मिस्त्रीने बारा वर्षांत खरा आकडा एकदाही लिहिला नव्हता. लाच घेऊन नव्हे. लाच घेतली असती तर निदान त्याचा हिशोब तरी राहिला असता. त्याची अडचण अशी की तो मोजत असताना घरातली माणसं शेजारी उभी राहून त्याच्या तोंडाकडे बघायची. म्हातारी, पोरंबाळं, सगळी. अशा वेळी पाचाचं घर पाचाला सांगणं त्याच्या जिवावर यायचं. शिवाय बहुतेक घरं त्यानेच बांधलेली. आपल्या पोराला कुणी काळं म्हणतं का? पाचाचे सहा, सहाचे आठ, असं त्याने गावातल्या घरांवर विटेशिवाय एकेक मजला चढवून ठेवला होता. आता त्यातल्याच एका मजल्याचे पैसे त्याने स्वतः भरायचे होते.

दुसऱ्या दिवशी मजुरी बुडवून दोघं पतसंस्थेत गेले. व्यवस्थापक टेबलावरच्या काचेखाली ठेवलेल्या व्याजदर आणि हप्त्यांच्या तक्त्यावर कोपर टेकून बसला होता. मिस्त्री घर घेतोय म्हटल्यावर त्याला खराच आनंद झाला. त्याने खुर्च्या मागवल्या. एरवी मिस्त्री इथे उभ्याने सही करून जायचा.

हिशोब व्यवस्थापकाने चुटकीसरशी केला. नऊ लाखांचं घर. मिस्त्रीजवळ साठवलेले एक लाख ऐंशी हजार. उरलेले सात लाख वीस हजार म्हणजे बरोब्बर ऐंशी टक्के, जणू घर मिस्त्रीसाठीच बांधलं होतं. वीस वर्षांची मुदत. हप्ता सात हजार नऊशे अठ्ठावीस.

"आठ हजारसुद्धा नाही," व्यवस्थापक म्हणाला. "भाडं भरता तेच थोडं जास्त भरायचं. आणि वर रंगरंगोटीला चाळीसेक हजार देऊ आपण. घराचा आकडा तुम्हीच लिहिणार. नऊचे साडेनऊ करा. तुमचं-आमचं काय वेगळं आहे?"

मग त्याने वहिनींची मिळकत विचारली. मिस्त्रीची बायको रोपवाटिकेत मातीच्या पिशव्या भरायची. शेकड्यावर मजुरी. महिन्याचे सात हजार पडतात, ती म्हणाली.

"आपण पंधरा लिहू. फाईल जोरदार दिसते."

"सातच आहेत," ती म्हणाली. "पंधरा झाले की मला निरोप पाठवा."

व्यवस्थापक हसला. मिस्त्रीही हसला, कारण व्यवस्थापक हसला होता. ती हसली नाही. तिने विचारलं की वीस वर्षांनी हे किती वर्षांचे होतील. व्यवस्थापकाने कागदावर बेरीज केली आणि एकाहत्तर म्हणाला.

"एकाहत्तराव्या वर्षी हे परांचीवर चढतील?"

"वहिनी, सगळे असंच घेतात. कोण एवढा पुढचा विचार करतं?"

ते खरंच होतं. बाहेर पडताना दारात टेम्पोवाला भेटला. त्याच्या घराला मिस्त्रीने चार वर्षांपूर्वी सात लिहिले होते, म्हणून त्याने पाच लाख साठ हजार उचलले होते. तेव्हापासून तो सकाळी भाजी आणि संध्याकाळी सळया वाहत होता आणि त्याचे डोळे कायम आले असल्यासारखे दिसायचे. हप्ता भरायला आला होता. त्याने मिस्त्रीच्या खांद्यावर हात टाकून चौकशी केली. ही जवळीक मिस्त्रीला त्या दिवशी नेमकी नको होती.

पुढचे चार दिवस मिस्त्री एका गोदामाची भिंत चढवत होता. परांचीवर उभा राहिला की उजवा गुडघा कुरकुरायचा, बसला की डावा. सिमेंटने बोटांच्या पेरांना चिरा पडल्या होत्या, त्यात तो संध्याकाळी तेल भरायचा. चौथ्या दिवशी काम लवकर संपलं म्हणून तो बायकोला आणायला रोपवाटिकेत गेला.

ती शेडच्या कडेला उकिडवी बसली होती. हात कोपरापर्यंत मातीने काळे. पत्र्याच्या कापलेल्या डब्याने माती घ्यायची, पिशवीत ओतायची, अंगठ्यांनी दाबायची, जमिनीवर एकदा आपटायची, बाजूला ठेवायची. एरवी तिथे पंचवीसच्या रांगा लावतात. आज तिच्या रांगा आखूड होत्या.

"बाराच्या का लावल्यास?"

"ही एक रांग म्हणजे एक वर्ष," ती म्हणाली. "वीस आहेत. दोनशे चाळीस पिशव्या. जरा चाला बरं यांच्या कडेने."

मिस्त्री चालला. तिने सांगितलेली गोष्ट न करण्यात अर्थ नसतो, हे तो लग्नानंतर तिसऱ्या वर्षी शिकला होता. सातव्या रांगेशी ती म्हणाली, "थांबा. इथे तुम्ही अठ्ठावन्न."

तो थांबला. पुढच्या तेरा रांगा बऱ्याच लांबवर गेल्या होत्या. शेवटची रांग शेडच्या बाहेर उन्हात होती.

"अठ्ठावन्नपर्यंत माणूस परांचीवर चढतो," ती म्हणाली. "एकाहत्तराव्या वर्षी त्याला लोक उचलतात." मग तिने हात झाडले. "बाईंचं घर खरं केवढ्याचं आहे?"

मिस्त्रीने मातीला सांगितलं, "सव्वासहा."

"मग नऊ कुणी लिहिले?"

"मीच की."

 ती रागावली असती तर त्याला बरं वाटलं असतं. तिने तिथेच, काडीने मातीत, हिशोब मांडला. सव्वासहातून एक लाख ऐंशी गेले, राहिले चार लाख पंचेचाळीस. सात वर्षांत फेडायचे तर लाखामागे हप्ता किती, ते तिने व्यवस्थापकाच्या टेबलावरच्या तक्त्यात त्याच दिवशी उलट्या बाजूने वाचून ठेवलं होतं. त्या हिशोबाने सात हजार आठशे पंचावन्न.

"हप्ता तोच," ती म्हणाली. "मग पुढची तेरा वर्षं कशाची?"

मिस्त्रीला उत्तर ठाऊक होतं. ती तेरा वर्षं त्याच्या भिडेची होती.

रविवारी तो ओळंबा, टेप आणि तांब्याभर पाणी घेऊन बाईंकडे गेला. बाईंना वाटलं, कर्जाची मोजणी. त्या सवयीने शेजारी उभ्या राहिल्या आणि त्याच्या तोंडाकडे बघू लागल्या. त्याने त्यांना आत बसायला सांगितलं, तशा त्या आणखी जवळ येऊन उभ्या राहिल्या. त्याने मागच्या कोपऱ्यात ओळंबा सोडला. दोरी आणि भिंत यांच्यात वरच्या बाजूला अंतर नव्हतं, खाली आख्खं बोट जात होतं. त्याने पडवीत तांब्या ओतला. पाण्याने क्षणभर विचार केला आणि मोरीकडे न जाता ते घरात यायला निघालं.

"बाई, तो कागद चुकीचा होता."

"चुकीचा की खोटा?" बाईंनी विचारलं. "दोन्ही वेगळं असतं."

"खोटा. घर सव्वासहाचं आहे. ह्या कोपऱ्याचा पाया हातभर कमी खणलाय. खाली मुरूम लागला, खणणारे दमले होते, दुसऱ्या दिवशी दुसरं काम होतं."

"आणि हे तुम्हाला तीन वर्षांपूर्वी ठाऊक होतं."

"अठरा वर्षांपूर्वी."

बाईंनी चष्मा काढून पुसला आणि पुन्हा घातला. चाळीस वर्षं मुलांना खरं बोलायला शिकवल्यावर एक जण खरं बोलला होता, आणि त्याची किंमत पावणेतीन लाख होती. त्यांनी विचारलं, मग तेव्हा नऊ का लिहिलेत. मिस्त्रीने सांगितलं की तुम्हाला छपरासाठी पैसे लागत होते, आणि तुम्ही शेजारी उभ्या होतात.

"म्हणजे मी उभी राहिले म्हणून भिंतीची किंमत वाढली."

"होय."

बाई आत निघून गेल्या. मिस्त्री पडवीतलं पाणी केरसुणीने मोरीकडे लोटत राहिला. ते पुन्हा पुन्हा परत येत होतं. बऱ्याच वेळाने त्यांनी त्याला आत बोलावलं आणि सोफ्यावर बसायला सांगितलं. सोफ्यावर चादर होती, चादरीखाली प्लास्टिक होतं. तिथे आजवर कुणी बसल्याचं दिसत नव्हतं.

"छपराला मला दोन लाख लागत होते," बाई म्हणाल्या. "तुमच्या नऊवर व्यवस्थापक म्हणाला, साडेतीन घ्या. मी गणित शिकवलंय, मिस्त्री. घराचे नऊ होत नाहीत हे मला कळत नव्हतं असं नाही. कुणी आपल्या पेपराला जास्त मार्क दिले तर आपण कशाला सांगायला जातो? दीड लाखाचं काय झालं ते आठवत नाही. हा सोफा तेवढा आहे."

मिस्त्रीने सोफ्यावर टेकवलेला हात उचलून मांडीवर घेतला.

दोन दिवस बाईंकडून काही निरोप आला नाही. गिरणीवाल्याने मात्र चक्की गाडीवर चढल्याचं येऊन सांगितलं. तिसऱ्या दिवशी बाईंनी दोघांना बोलावून घेतलं. सव्वासहा मान्य. बहिणीला नऊ सांगून बसले होते, तिलाही पत्र टाकलंय, त्या म्हणाल्या. एकच अट. मिस्त्रीने नवा आकडा त्यांच्यासमोर लिहायचा, अक्षरी आणि अंकी, आणि कारणासकट. मिस्त्री जमिनीवर मांडी घालून लिहीत होता आणि बाई वरून ऱ्हस्व-दीर्घ सांगत होत्या.

खरं बोलण्याची एकदा सुरुवात झाली की माणसाला हुरूप येतो. मिस्त्री त्याच पावली टेम्पोवाल्याकडे गेला. तो टेम्पोखाली आडवा झाला होता, नुसते पाय बाहेर होते. मिस्त्रीने पायांना सांगितलं की तुझं घर सातचं नव्हतं, पाचचं होतं, माझी चूक झाली.

टेम्पोवाला सरपटत बाहेर आला. "हळू बोल," तो म्हणाला. "आठला गिऱ्हाईक लागलंय."

"कर्ज काढून घेणार?"

"मग काय पिशवीत घालून आणणार?"

"मग मोजायला मला बोलावतील."

"म्हणून तर म्हणतोय, हळू बोल."

मिस्त्री म्हणाला की मला पाचच लिहावे लागतील. टेम्पोवाल्याने ग्रीस लागलेले हात पुसले, एकेक बोट वेगळं. "माझ्या वेळेला सात आणि माझ्या गिऱ्हाइकाच्या वेळेला पाच," तो म्हणाला. "तुझा प्रामाणिकपणा नेमका माझ्याच दारात उतरला." त्या दिवसापासून तो मिस्त्री दिसला की हॉर्न वाजवायचा बंद झाला. मिस्त्रीला ते लागलं, कारण टेम्पोवाल्याचं म्हणणं त्याला खोडता आलं नव्हतं.

पतसंस्थेत या वेळी खुर्च्या आल्या नाहीत. व्यवस्थापकाने नवा कागद वाचला, दार ढकलून घेतलं, आणि पुन्हा वाचला.

"हे फाईलला लावता येणार नाही," तो म्हणाला. "कळतंय का तुम्हाला? याच घरावर आम्ही नऊच्या हिशोबाने कर्ज दिलंय. हा कागद कपाटात गेला की शेजारच्या त्रेचाळीस फायलींवर तुमचीच सही. त्या कुणीतरी उघडून बघणार. सगळ्या गावाची घरं एका दिवसात लहान करायची आहेत का?"

"घरं आहेत तेवढीच आहेत, साहेब," मिस्त्री म्हणाला.

तीन दिवस तो संस्थेच्या बाकावर बसला. तीन दिवसांची मजुरी गेली. शिपाई त्याला ओळखत असूनही रोज काय काम आहे म्हणून विचारायचा. तिसऱ्या दुपारी बायको हात न धुताच आली आणि व्यवस्थापकाच्या काचेवर दोन्ही काळे तळवे टेकून तिने विचारलं, की सात लाख वीस हजार द्यायला तुम्हाला एक दिवस लागत होता, मग चार लाख पंचेचाळीस द्यायला तीन का लागतात.

काच पुसता पुसता व्यवस्थापकाला तोडगा सुचला. मिळणाऱ्या कर्जापेक्षा कमी मागणाऱ्या माणसासाठी फॉर्ममध्ये रकाना नव्हता, पण 'इतर' असा एक होता. कर्ज मंजूर झालं. मिस्त्रीचा कागद त्याने घडी घालून मिस्त्रीच्याच खिशात ठेवला. यापुढे घरं मोजायचं काम संस्था पदवीधर इंजिनिअरकडे देणार होती. मिस्त्रीच्या घराचा दाखलाही तोच देईल, मागाहून फाईलला लावू, घाई नाही.

"तुमच्यावर विश्वास नाही असं नाही हां, मिस्त्री," व्यवस्थापक म्हणाला. "पण तुम्ही जरा जास्तच लिहिता."

हंगामाच्या आठ दिवस आधी दोघं तेविसाव्या नंबरात राहायला आली. सामान दोन हातगाड्या झालं. बाई सोफा ठेवून गेल्या. बायको पहिले तीन दिवस पडवीत दिसेल ते धुऊन वाळत घालत होती, अंगावरचं तेवढं सोडून. मोजायला आता मिस्त्री नव्हता, त्यामुळे टेम्पोवाल्याचं घर आठला गेलं. त्याने कर्ज फेडलं, सळयांची खेप सोडली, आणि चौकात मिस्त्रीला पाहून हॉर्न वाजवला. आखूड वाजवला, पण वाजवला.

रविवारी मिस्त्रीने मागच्या कोपऱ्याशी खड्डा घेतला. भिंतीला टेकू लावला आणि अठरा वर्षांपूर्वी राहिलेला हातभर पाया खणायला बसला. मुरूम तेव्हा होता तसाच होता. एक्केचाळीस घरांत पहिल्यांदाच माल किती लागला म्हणून मालकाची बोलणी खावी लागणार नव्हती. मालकीणबाईंची खाल्ली. ती पाट्या उचलून माती बाहेर टाकत होती आणि अजून खोल, अजून खोल म्हणत होती. दुपारी दोघं खड्ड्याच्या काठावर पाय सोडून भाकरी खायला बसली. मिस्त्रीचे दोन्ही गुडघे एकाच वेळी गप्प होते. उरलेले हप्ते किती, ते तिने विचारलं. चौऱ्याऐंशी, तो म्हणाला, आणि दोघांनाही तो आकडा आवाक्यातला वाटला.

तेवढ्यात फाटकाशी मोटारसायकल थांबली. इंजिनिअर होता. मिस्त्री लगबगीने खड्ड्यातून वर आला, टेकू लावलेला कोपरा दाखवतो म्हणाला, ओळंबा आणतो म्हणाला. इंजिनिअरने पाय जमिनीला टेकवले, पण गाडी बंद केली नाही. त्याने घराकडे, मग घड्याळाकडे बघितलं, टाकीवर कागद ठेवून साडेदहा लाख लिहिले, आणि खाली सही केली.

त्याची फी दीड हजार होती. ती मिस्त्रीच्या खात्यातून वळती झाली.